गिटारचा फ्रेटबोर्ड : लाकडाची पारख

प्रास्ताविक

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण आपल्या परिचयाची आहे. बाजारात वस्तू घेताना तिचा प्रत्यय वारंवार येतो. सोनार कसोटीच्या दगडावर घासून सोन्याची पारख करतो, विणकर सूत बोटांत धरून कापडाची पारख करतो. लाकडाचीही अशीच पारख असते. घरातला पलंग शिसवी आहे की सागवानी, हे जुनी माणसे एका नजरेत सांगत. आज रंग आणि पॉलिश यांच्या थराखाली मूळ लाकूड झाकले जाते आणि वस्तूवर लिहिलेल्या नावावरच आपल्याला विश्वास ठेवावा लागतो.

प्रस्तुत पाठात गिटार या वाद्याच्या एका लहानशा भागाच्या निमित्ताने लाकडाची ओळख कशी करून घ्यावी, हे आपण पाहणार आहोत. गिटार हे वाद्य मूळचे युरोपातील असले, तरी तिच्यावर बसवलेल्या लाकडाची मुळे अनेकदा आपल्याच देशातील डोंगरांत रुजलेली असतात.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही पुढील गोष्टी करू शकाल :
- फ्रेटबोर्डसाठी कठीण लाकूड का लागते, ते सांगणे.
- शिसव, आबनूस आणि रंगवलेले लाकूड यांतील फरक ओळखणे.
- व्यापारातील नाव आणि झाडाचे नाव यांत भेद करणे.
- लाकडाची निवड आणि जंगलाचे रक्षण यांचा संबंध स्पष्ट करणे.

१. फ्रेटबोर्ड म्हणजे काय?

गिटारचा जो लांब, अरुंद भाग वादक डाव्या हाताने धरतो, त्याला 'नेक' म्हणतात. या नेकच्या दर्शनी बाजूवर सुमारे ६ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी चिकटवलेली असते. तिलाच फ्रेटबोर्ड किंवा फिंगरबोर्ड असे म्हणतात. तिच्यावर ठरावीक अंतरावर करवतीने बारीक खाचा पाडून त्यांत धातूच्या तारा ठोकून बसवतात. या आडव्या तारा म्हणजे 'फ्रेट'. वादक दोन फ्रेटच्या मध्ये बोट दाबतो, तेव्हा वरची तार फ्रेटवर टेकते, तिची कंप पावणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो.

आपल्या सतारीलाही असे फ्रेट असतात. त्यांना आपण 'पडदे' म्हणतो. परंतु दोहोंत मोठा फरक आहे. सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात आणि रागानुसार ते थोडे वरखाली सरकवता येतात. गिटारचे फ्रेट मात्र लाकडातच रुतलेले असतात. लाकूड आकसले, फुगले किंवा वाकले, तर फ्रेट ढिले पडतात, वर उचलले जातात आणि वाद्य बेसूर होते. म्हणूनच गिटारच्या बाबतीत या पट्टीच्या लाकडाला विशेष महत्त्व आहे.

२. कठीण लाकूडच का?

गिटारचा दर्शनी पृष्ठभाग बहुधा स्प्रूस या हलक्या लाकडाचा असतो. तारांचे कंपन स्वीकारून आवाज मोठा करणे हे त्याचे काम. फ्रेटबोर्डचे काम याच्या अगदी उलट आहे. त्याने हलायचे नाही, झिजायचे नाही आणि घामाने खराब व्हायचे नाही. वादकाची बोटे व नखे वर्षानुवर्षे एकाच जागी घासली जातात. लाकूड मऊ असेल, तर पहिल्या दोन-तीन फ्रेटच्या दरम्यान लवकरच खळगे पडतात.

या कामासाठी दोन लाकडे दीर्घकाळ नावाजलेली आहेत : शिसव आणि आबनूस. पाण्याचे वजन एका घनमीटरला १००० किलो असते. वाळलेले शिसवी लाकूड त्याच मापाने सुमारे ८३० किलो भरते, आफ्रिकेतील आबनूस साडेनऊशे किलोच्या आसपास जाते, तर स्प्रूस चारशे किलोच्या घरात राहते. या आकड्यांवरून फ्रेटबोर्डचे लाकूड किती घट्ट असते, याची कल्पना येईल.

या लाकडांमुळे गिटारचा आवाज किती बदलतो, हा वादाचा विषय आहे. विक्रेते याबद्दल मोठमोठे दावे करतात. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ मागच्या व बाजूच्या लाकडात फरक असलेल्या ६ गिटारी ५२ वादकांना दिसू न देता वाजवायला दिल्या. महागड्या व स्वस्त लाकडांच्या गिटारींना वादकांनी जवळजवळ सारखेच गुण दिले. हा प्रयोग फ्रेटबोर्डचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही डोळ्यांना दिसणारे लाकूड आणि कानांना ऐकू येणारा आवाज यांची गल्लत करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. फ्रेटबोर्डचे लाकूड निवडताना टिकाऊपणा आणि स्पर्श हेच खरे निकष होत.

३. लाकडांची ओळख

शिसव : व्यापारात याला 'रोझवूड' म्हणतात. ताजे कापले असता त्याला मंद गोड सुगंध येतो, म्हणून हे नाव. रंग गडद तपकिरी, त्यात जांभळट किंवा काळसर रेषा. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे त्याची रंध्रे. झाड जिवंत असताना ज्या नलिकांतून पाणी वर चढते, त्याच नलिका कापलेल्या लाकडावर बारीक लांबट खाचांच्या रूपाने दिसतात. शिसवीवर त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि नख हलकेच फिरवले, तर जाणवतातही.

आबनूस : याला व्यापारात 'एबनी' म्हणतात. रंग काळाभोर, काही वेळा त्यात तपकिरी किंवा करड्या रेषा. रंध्रे इतकी सूक्ष्म, की भिंगाशिवाय ती सहसा दिसत नाहीत. स्पर्श काचेसारखा गुळगुळीत व थंड. आबनुसाचे आपल्या परिसराशी एक जवळचे नाते आहे. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांतून ज्या टेंभुर्णीची पाने विडीसाठी गोळा केली जातात, ती टेंभुर्णी आबनुसाच्याच गणातील आहे. तिच्या गाभ्याचे लाकूडही काळे असते.

मेपल : फिकट पिवळसर, जवळजवळ पांढरे लाकूड. ते लवकर मळते, म्हणून त्यावर चकचकीत लेप दिलेला असतो. विजेवर चालणाऱ्या गिटारींवर ते अधिक आढळते.

अक्रोड आणि ऐन : शिसवीला पर्याय म्हणून गेल्या काही वर्षांत या लाकडांचा वापर वाढला आहे. दोन्ही तपकिरी असतात, परंतु शिसवीतील जांभळट झाक त्यांच्यात नसते.

कागद व राळ यांची पट्टी : कागदाचे थर कृत्रिम राळेत भिजवून, उष्णता व दाब देऊन घट्ट फळी तयार करतात. 'रिचलाइट' हे अशाच एका पदार्थाचे व्यापारी नाव. मार्टिन या अमेरिकन कंपनीने आपल्या काही गिटारींवर तो वापरला आहे. तो एकसारखा काळा असतो आणि त्यात रंध्रे मुळीच नसतात. हवामानाचा परिणाम त्यावर लाकडापेक्षा कमी होतो. तो लाकूड नाही, एवढ्यावरून त्याला हलका मानण्याचे कारण नाही. मात्र तो आबनूस म्हणून विकला जात असेल, तर ती फसवणूक होय.

४. पारख कशी करावी?

गिटार नवी असो वा जुनी, पुढील क्रमाने पाहणी केल्यास बरीच माहिती हाती लागते.

(१) प्रकाश : दुकानातील पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक तपकिरी लाकूड शिसवीसारखे भासते. गिटार दारापाशी, दिवसाच्या उजेडात न्यावी.

(२) टोक : गिटारच्या पोटाला जे गोल छिद्र असते, त्याच्या काठाशी फ्रेटबोर्ड संपतो. तेथे लाकडाचा आडवा काप दिसतो. पाण्याच्या नलिका तेथे ठिपक्यांसारख्या दिसतात. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग असल्यास उत्तम.

(३) रंध्रे : वरच्या बाजूवर लांबट खाचा स्पष्ट दिसतात का? दिसत असतील आणि तरीही पट्टी डांबरासारखी काळी असेल, तर ती आबनूस असण्याचा संभव कमी. तेथे काळा रंग चढवलेला असावा.

(४) झीज : जुन्या गिटारीच्या पहिल्या तीन फ्रेटमधील जागा नीट पाहावी. रंग लावलेला असेल, तर बोटांच्या घासण्याने तेथे खालचे फिकट लाकूड उघडे पडलेले असते. खऱ्या आबनुसाचा काळेपणा आतपर्यंत असतो, त्यामुळे झीज झाली तरी रंग बदलत नाही.

(५) कापड : स्वच्छ पांढऱ्या कापडावर खनिज तेलाचा एखादा थेंब घेऊन पट्टीच्या कडेला हलकेच पुसावे. ही कृती विक्रेत्याच्या परवानगीनेच करावी. आधी हातांचा मळ निघेल, तेव्हा दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुन्हा पाहावे. कापड काळे किंवा निळसर होत राहिले, तर रंग लावला आहे असे समजावे. शिसवीचा स्वतःचा तांबूस-जांभळट अंश थोडा उतरू शकतो. त्याला बनावट समजू नये.

या पाचही खुणा एकत्र पाहिल्यावरच मत बनवावे. एकाच खुणेवर विसंबून राहणे योग्य नाही. शिवाय या पद्धतीने लाकडाचा प्रकार कळतो, नेमकी जात कळतेच असे नाही. एकाच गणातील दोन झाडांची लाकडे वेगळी ओळखायची असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. देहरादून येथील वन संशोधन संस्था आणि बेंगळुरू येथील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था येथे या शास्त्राचे तज्ज्ञ काम करतात.

५. नावांचा गोंधळ

लाकूड ओळखता आले, तरी नाव चकवते. मराठीत आपण ज्याला शिसव म्हणतो, त्याचे शास्त्रीय नाव 'डाल्बर्जिया लॅटिफोलिया'. पश्चिम घाटात व दक्षिणेकडील जंगलांत हे झाड वाढते आणि जगभर ते 'इंडियन रोझवूड' म्हणून ओळखले जाते. उत्तर भारतात 'शीशम' म्हणतात ते झाड बहुधा 'डाल्बर्जिया सिसू' असते. दोन्ही एकाच गणातील, परंतु झाडे वेगळी. दिल्लीच्या बाजारात शीशम मागितले आणि पुण्याच्या सुताराकडे शिसव मागितले, तर एकच लाकूड हाती येईल असे नाही.

काही गिटारींच्या माहितीपत्रकात 'इंडियन लॉरेल' असे नाव आढळते. लॉरेल हे वस्तुतः तमालपत्राच्या कुळातील झाडांचे नाव आहे. 'इंडियन लॉरेल' हे मात्र आपले ऐनाचे झाड. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची साल असलेला ऐन सह्याद्रीत पायी फिरणाऱ्यांना चांगला परिचित आहे. त्याचप्रमाणे 'बोलिव्हियन रोझवूड' या नावाने विकले जाणारे 'पाउ फेरो' हे दक्षिण अमेरिकेतील लाकूड शिसवाच्या गणातील नाही. यातील प्रत्येक लाकूड आपापल्या जागी चांगले आहे. प्रश्न लाकडाच्या दर्जाचा नसून नावाच्या खरेपणाचा आहे. म्हणून खरेदी करताना 'रोझवूड आहे का?' एवढे विचारून थांबू नये, तर 'कोणत्या झाडाचे आणि कोठले?' असेही विचारावे.

६. जंगल आणि कायदा

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या पैशांचा नाही. ब्राझीलमधील शिसव एके काळी गिटार बनवणाऱ्यांचे सर्वांत आवडते लाकूड होते. अतोनात तोडीमुळे ते दुर्मीळ झाले आणि १९९२ साली 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंधने घातली. संकटात सापडलेल्या प्राण्यांच्या व वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणारा हा करार १९७५ पासून लागू असून भारत १९७६ साली त्यात सहभागी झाला.

एका जातीवर बंधन आले, की व्यापार दुसऱ्या जातीकडे वळतो. फर्निचरसाठी शिसवी लाकडाची मागणी वाढत गेली. कापलेली फळी पाहून ती नेमकी कोणत्या जातीची, हे बंदरावरील अधिकाऱ्याला ओळखता येत नसे. एका नावाखाली दुसरे लाकूड सहज निसटत असे. अखेर २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जिया या संपूर्ण गणातील लाकडाचा व्यापार परवान्याच्या कक्षेत आणला गेला. पारख करता न येण्याचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. या नियमामुळे वाद्ये बनवणाऱ्यांची व वादकांची मोठी अडचण झाली. तेव्हा २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट देण्यात आली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र ही सूट मिळाली नाही. आपला भारतीय शिसवही संकटप्रवण जातींच्या जागतिक यादीत नोंदलेला आहे.

कायद्याकडे दुर्लक्ष केल्यास मोठ्या कंपन्यांनाही किंमत मोजावी लागते. मादागास्कर बेटातून आणलेल्या आबनुसाच्या फ्रेटबोर्डच्या प्रकरणात गिब्सन या अमेरिकन कंपनीने २०१२ साली ३ लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले.

आबनुसाची कथा आणखी विचार करायला लावणारी आहे. आबनुसाचा गाभा पूर्ण काळा आहे की रेषांचा, हे झाड पाडल्याशिवाय कळत नाही. ग्राहकाला मात्र निव्वळ काळेच लाकूड हवे असे. टेलर गिटार्स या अमेरिकन कंपनीने २०११ साली एका स्पॅनिश कंपनीसह कॅमेरून देशातील आबनुसाची गिरणी विकत घेतली. तेथे कंपनीचे संस्थापक बॉब टेलर यांना असे आढळले, की पाडलेल्या सुमारे दहा झाडांपैकी एकच पूर्ण काळे निघते आणि रेषा असलेली बाकीची झाडे जंगलातच कुजत टाकली जातात. एका काळ्या पट्टीसाठी नऊ झाडांचा बळी! त्यांनी रेषा असलेले आबनूसही आपल्या महाग गिटारींवर वापरायला सुरुवात केली आणि २०१२ साली हे कारण जाहीरपणे सांगितले. पुढे २०१६ पासून कॅमेरूनमध्ये आबनुसाची रोपे लावण्याचा उपक्रमही सुरू झाला. काळ्या लाकडातील तपकिरी रेषा हा दोष नव्हे, हे ग्राहकाला कळले, तर जंगलातील झाड वाचते.

७. निगा

शिसव व आबनूस यांच्या पट्टीवर सहसा लेप नसतो. त्यामुळे ती हवेतील ओलावा घेते व सोडते. गिटारीसाठी हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे चांगले मानतात. कोकणातील पावसाळ्यात ती याहून पुष्कळ जास्त, तर नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात पुष्कळ कमी असते. हवा कोरडी झाली, की लाकूड आकसते, पण धातूचे फ्रेट आकसत नाहीत. मग त्यांची टोके बाहेर येऊन हाताला बोचू लागतात. अशा वेळी टोके लगेच घासून टाकू नयेत. गिटार पेटीत बंद करून ठेवावी आणि कडक उन्हापासून दूर ठेवावी.

तारा बदलताना वर्षातून एक-दोनदा पट्टी कोरड्या कापडाने पुसून खनिज तेलाचे दोन-चार थेंब चोळावेत व जादा तेल टिपून घ्यावे. तेलाचा अतिरेक करू नये. रंगवलेली पट्टी काचकागदाने घासू नये, कारण रंग निघून ती डागाळते.

समारोप

झाडाचे लाकूड एकदा कापले, की त्याचे नाव माणूस ठेवतो. ते नाव कधी सोयीचे असते, कधी फायद्याचे असते. लाकडाच्या अंगावरील रंध्रे आणि रेषा मात्र कोणाच्या सोयीने बदलत नाहीत. त्या वाचण्याचा सराव केला, तर कष्टाने जमवलेले पैसे योग्य वस्तूवर खर्च होतात, प्रामाणिक कारागिराच्या कामाला मोल येते आणि काळ्या रंगाच्या हट्टापायी पडणारी झाडे उभी राहतात. ही दृष्टी गिटारपुरती मर्यादित नाही. दार, पाट, पेटी, तबल्याचे खोड अशी कोणतीही लाकडी वस्तू हाती आली, की तिचे टोक उजेडात धरून पाहावे आणि ती कोणत्या झाडाची, हे विचारावे.

शब्दार्थ

प्रत्यय – अनुभव. निकष – कसोटी. रंध्र – सूक्ष्म छिद्र. राळ – झाडाचा किंवा कृत्रिम चिकट पदार्थ. गाभा – खोडाचा आतला भाग. गण – जवळच्या नात्याच्या जातींचा समूह. आर्द्रता – हवेतील ओलावा. संकटप्रवण – नाहीशी होण्याचा धोका असलेली

स्वाध्याय

१. सतारीचे पडदे आणि गिटारचे फ्रेट यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
२. शिसव व आबनूस यांची तुलना रंग, रंध्रे आणि स्पर्श या तीन मुद्द्यांच्या आधारे करा.
३. कारणे द्या : २०१७ साली एकाच जातीऐवजी डाल्बर्जिया हा संपूर्ण गण नियमाखाली आणला गेला.
४. 'एका काळ्या पट्टीसाठी नऊ झाडांचा बळी' या विधानाचा आशय स्पष्ट करा.
५. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा परिसरातील तीन लाकडी वस्तूंचे आडवे काप भिंगातून पाहा. एखाद्या सुताराला विचारून त्यांच्या झाडांची स्थानिक नावे लिहून काढा.